केटली पाहण्याचा कार्यक्रम

बाबांचा शेवटचा साधा दिवस सांभारवडीत गेला.

डिसेंबर होता. रोजच्यासारखे ते माझ्या आधी उठले आणि त्यांनी विजेची केटली लावली. रेल्वेतून निवृत्त होताना सोबत्यांनी दिलेली ती केटली, चोचीजवळ जराशी चेमटलेली. आईच्या हातांना कंप होता. स्टोव्हला पंप मारणं, काडी ओढणं, उकळतं भांडं उतरवणं यातलं काही तिला जमत नसे, आणि गॅससाठी लावलेला नंबर अजून यायचा होता. म्हणून सकाळचा चहा बाबांचा. कपात पत्ती, त्यावर केटलीतलं पाणी, वरून रात्रीचं दूध. आई त्याला चहा म्हणतच नसे. ‘साहेबाचं पाणी’ म्हणे, आणि शेवटच्या घोटापर्यंत पिई.

मी एका सकाळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. उजाडताना निघायचं, दुपारी परत. त्या दुपारी आले तर बाबा बाजारातून सांभाराच्या जुड्या घेऊन आले होते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि थंडीत तिच्या वड्या झाल्या नाहीत तर थंडी पडली असं कोणी मानत नाही. आई पाटावर बसून सूचना करत होती, बाबा सारण भरून वड्या वळत होते. तुमच्या वड्या ऑफिसच्या फायलींसारख्या दिसतात, असं आई म्हणाली. फायली कोणी खात नाही, या खाल्ल्या जातील, असं बाबा म्हणाले. मी उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसले होते आणि एक ओळही वाचत नव्हते. इतकंच. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून आले तेव्हा केटली खळखळत होती आणि बाबा खुर्चीत मान एका बाजूला टाकून बसले होते. मी आधी केटलीचं बटन बंद केलं. मग त्यांच्या कपाळाला हात लावला. मग आईला हाक मारली. या क्रमाचं मला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

तेरवीच्या आधी जिजाआत्याने सुतक फेडायचं म्हणून घरातली सगळी भांडी अंगणात काढली. राख आणि चिंच लावून तिने एकेक भांडं घासलं. केटलीही घासली, आणि घासून टाकीत बुडवून ठेवली. जे पाणी तापवतं ते भांडं, आणि भांडं म्हटलं की ते शुद्ध झालंच पाहिजे. आत्याच्या शास्त्रात पळवाट नव्हती. उन्हात वाळवलेली केटली अशी चमकली, की बाबांनी तिला तसं कधी पाहिलं नसेल. तेरवीला आलेल्या कोणीतरी ती लावली. फट्ट आवाज झाला आणि घरभराची लाइन गेली.

“त्याची होती,” आत्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात शांतपणे म्हणाली, “त्याच्यासंगं गेली.”

आईला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून ती हसली आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला, तेव्हा मी तिथून उठले.

चौकातल्या मिस्त्रीने केटली उघडली, आतली कॉइल दाखवली आणि मान हलवली.

माझा भाऊ गणपत भिलाईला नोकरीला होता. तो वाईट माणूस नाही. परत जाण्याआधी त्याने मला बाजूला बसवून हिशेबात बसेल असं सगळं सांगितलं. मी सकाळी अंधारात निघणार. आईचं औषध चहाबरोबर घ्यायचं, चहा करणारं घरात कोणी नाही. ती स्टोव्हजवळ गेली आणि पदर पेटला तर? त्यापेक्षा आईला तो भिलाईला नेईल, प्रताप नगरचं घर भाड्याने देईल, आणि मी एखाद्या महिला वसतिगृहात राहावं… पुढचं पुढे पाहू. ‘पुढचं’ म्हणजे माझं लग्न, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी म्हटलं, आई स्वतःचा चहा स्वतः करून घेईल.

भावाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, “संक्रांतीनंतर येतो. तिनं एकटीनं, कोणाचा हात न लागता, एक कप चहा करून मले पाजला, तर या घराची गोष्ट मी पुन्हा नाही काढणार. नाही जमलं तर मात्र तू आडवी नको येऊ.”

मी मान हलवली. मला हे घर हवं होतं. सकाळी निघताना मागे आईचं खोकणं ऐकू यायला हवं होतं. पण तसं काही मी बोलले नाही. आमच्या घरात ‘मला पाहिजे’ हे वाक्य कोणी वापरतच नसे. कोणाला काही पाहिजे असलं की बाबा ओळखत, आणि दोन-चार दिवसांत ती वस्तू घरात येई. चपला, शब्दकोश, खिडकीला जाळी. आता ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. रविवार उजाडला तशी मी इतवारीला निघाले.

भांड्यांच्या ओळीत देवाजी शेटचं दुकान होतं. पुढे पाणी भरायच्या पितळेच्या गुंड्या रचलेल्या, आत विजेच्या वस्तू. मी त्याला सगळ्यात हलकी केटली मागितली. त्याने फळीवर केटल्या मांडल्या. मी प्रत्येकीत पाणी भरायला लावलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण त्याने माठातून पाणी आणलं. मग मी अॅल्युमिनियमची एक केटली उचलली आणि आईचा हात जसा थरथरतो तसा आपला हात थरथरवायला लागले. झाकण ताडताड वाजलं…

“अहो… अहो, सांभाळा—”

कुठून तरी एक हात आला आणि त्याने केटली खालून धरली. त्या धरण्यानेच ती कलंडली. सगळं पाणी त्या हाताच्या मालकाच्या बुटात गेलं.

“काहून धरली तुम्ही?” माझ्या तोंडून निघालं.

घराबाहेर मी अशी कधी बोलत नसे. बाहेर मी ग्रंथालयातलं मराठी बोले, प्रत्येक शब्द कपाटातून काढून पुसून ठेवल्यासारखा. तो माणूस एका पायावर उभा राहून बुटातलं पाणी ओतत होता. माझ्याहून थोडा मोठा असेल. त्याने मान वर करून पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं. परक्या गावात आपल्या गावची एसटी दिसल्यावर लकाकतं तसं.

“तुमचा हात कापून राहिला होता म्हणून,” तो म्हणाला. “बरं नाही वाटून राहिलं का?”

“मी तो मुद्दाम कापवत होते,” मी पुन्हा कपाटात शिरून म्हटलं.

“मुद्दाम.” त्याने त्यावर विचार केला. “मग ठीक आहे. मीबी मुद्दाम भिजलो.”

देवाजी शेटचा धीर सुटला. “बाई, तुम्ही केटली पाहून राहिल्या का नवरदेव? इतक्या खोडी तर लोक सोयरिकीत नाही काढत.”

तो माणूस हसला, आणि माझा चेहरा पाहून मध्येच थांबला. अर्धवट ठेवलेलं ते हसू त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तसंच राहिलं. मी केटल्यांकडे पाहायला लागले.

त्याचं नाव ताराचंद. भिवापूरकडचा, घरी मिरचीची शेती, आणि हा हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. खोली आमच्याच प्रताप नगरात, चौकाच्या मागे. घरमालकीण खोलीत स्टोव्ह पेटवू देत नसे, म्हणून त्यालाही केटली हवी होती. जुनी का गेली, हे देवाजी शेटने मला परस्पर सांगितलं. हा गडी दूध, साखर, पत्ती, आलं सगळं केटलीतच टाकून उकळतो. आधीचीही अशीच मारली. पाणी तापवायची वस्तू आहे, तिच्यात काय पुरणपोळी करता का, असंही त्याने विचारलं. ताराचंद एका पायाने ओला, मुकाट ऐकून घेत होता.

ती अॅल्युमिनियमची केटली दुकानात एकच होती. त्याने ती माझ्याकडे सरकवली. मला उपकार नको होते, तसं मी सांगितलं.

“उपकार कसले,” तो म्हणाला. “माझ्याकडे आली तर मरणारच आहे. हिचा तरी जीव वाचू द्या.”

मी ती घेतली.

आईच्या हातात ती केटली नाचली. दुसरा शब्द नाही. भरलेली असूनही ती इतकी हलकी होती, की आईच्या मनगटाची प्रत्येक थरथर तिच्या चोचीपर्यंत जाई. झाकण पडलं, टेबलभर पाणी झालं, आईचं मनगट लाल झालं. काही नाही झालं, असं आई म्हणाली. मनगट पदराखाली घेऊन म्हणाली.

पुढच्या रविवारी मी केटली बदलायला गेले तर दुकानात ताराचंद. सहज आलो होतो, असं त्याने सांगितलं. दुकान उघडल्यापासून सहज येऊन बसला आहे, असं देवाजी शेटने सांगितलं.

तिथून आमचं सुरू झालं. म्हणजे केटलीचं. सीताबर्डीची दुकानं, सदरची दुकानं, एक केटली वेताच्या मुठीची, एक झाकणाला कडी असलेली, एक इतकी छोटी की तिच्यात बाहुलीची अंघोळ व्हावी. मी हात कापवून पाहायची, तो खाली हात धरून उभा राहायचा. दुकानदार आम्हाला नवरा-बायको समजत, आणि बायकोला काहीतरी दुखणं आहे असं समजून त्याच्याकडे दयेने पाहत. तो ती दया गंभीरपणे स्वीकारायचा. मला हसू आवरणं कठीण जाई, आणि हसू आलं की लगेच बाबांची आठवण येई, जणू मी त्यांना बाहेर उन्हात उभं करून आत येऊन बसले आहे.

मग त्याने नवी युक्ती काढली. कारखान्यातल्या लोकांच्या घरच्या केटल्या मागून आणायच्या, मोटारसायकलला टॉवेलने बांधायच्या आणि आमच्या व्हरांड्यात ओळीने मांडायच्या. शेजारच्या यमुताईंनी कुंपणावरून विचारलं, दुकान टाकून राहिली का वं? आईने ताराचंदला त्याचं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आजोळ विचारलं, आणि कुठल्याशा मामेसासऱ्याच्या घरून नातं काढून मोकळी झाली. पण केटल्या मात्र एकामागून एक हरत गेल्या. हलकी, त्याहून हलकी, सगळ्यांत हलकी. प्रत्येक वेळी आई उचलायची, टेबल भिजायचं, आणि ती म्हणायची, असू दे. तिचं ते ‘असू दे’ मला भिलाईच्या गाडीच्या शिट्टीसारखं वाटे.

त्या दिवसांत भेटेल तो मला एकच विचारायचा. कसं झालं? काही त्रास होता का आधी? ताराचंदने ते कधी विचारलं नाही. एकदा सीताबर्डीच्या रस्त्याने चालता चालता त्याने विचारलं, “बाबा चहा कसा करत होते?”

मी सांगायला लागले. कप आधी गरम पाण्याने विसळायचे. पत्ती चमच्याने नाही, चिमटीने. आईच्या कपात साखर जास्त आणि ती विरघळायच्या आत तिला हाक… मी खूप वेळ सांगत होते. मध्येच कळलं की मी भर रस्त्यात रडते आहे. ताराचंद माझ्याकडे पाठ करून एका दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला आणि आतल्या इस्त्र्या पाहत राहिला. मी डोळे पुसून होईपर्यंत त्याने त्या इस्त्र्या इतक्या बारकाईने पाहिल्या, की दुकानदार बाहेर आला आणि त्याला आत बोलावू लागला.

जानेवारीत एक दिवस अवेळी भुरभुर आली. आम्ही एका दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. माझ्या हातात नवी घेतलेली केटली होती. ताराचंदने खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, माझ्या डोक्यावर धरायला देतो आहे. त्याने तो केटलीवर पांघरला, नीट, चारी टोकं खाली घेऊन, लहान मुलाला पांघरतात तसा. मग त्याला आपली चूक कळली आणि कानापर्यंत लाली आली.

“गोपिकाबाई…” तो पत्र्याच्या कडेवरून पडणाऱ्या थेंबांकडे पाहत म्हणाला, “मी केटलीसाठी नाही येत.”

मला माहीत होतं. गेले कित्येक रविवार माहीत होतं. त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून एका पुस्तकाच्या जाडीइतका दूर होता, आणि ते पुस्तक मला नको होतं.

“पाऊस थांबेलसं दिसतं,” मी म्हटलं.

त्याने एक थेंब तळव्यावर झेलला. मग हळूच म्हणाला, “तुमच्या पुस्तकातल्या मराठीत ‘हो’ नसते का?”

“असतं.”

“मग ‘नाही’ तरी म्हणा.”

मी तेही म्हटलं नाही. बाबा जाऊन किती दिवस झाले होते? लोक काय म्हणतील यापेक्षा मी स्वतःला काय म्हणेन, ते मला ऐकायचं नव्हतं. भुरभुर थांबली. ताराचंदने मला चौकापर्यंत सोडलं आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, की आता तो बोलावल्याशिवाय येणार नाही. रागावून नाही. “बिनबोलावता यायची सवय लागून राहिली मले,” तो म्हणाला. “सवय चांगली नाही.”

पुढच्या रविवारी व्हरांडा रिकामा होता. त्याच आठवड्यात भावाचं कार्ड आलं, येत्या रविवारी पोचतो म्हणून. पावसात घेतलेली ती केटलीही आईच्या हातात नाचून झाली होती. मी ती पुसत बसले.

“तो पोरगा काहून नाही आला?” आईने विचारलं.

मी म्हटलं, केटल्या संपल्या गावातल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा गेल्यानंतर ती अशी सरळ कोणाकडे पाहतच नसे. “तू माह्यासाठी केटली पाहून राहिली वं इतक्या दिवसाची,” ती म्हणाली, “अन् मले एकदा तरी नेलं का दुकानात? हात कापते माहे. अक्कल नाही कापत.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी सायकलरिक्षा बोलावली आणि तिला इतवारीला घेऊन गेले.

देवाजी शेटने तिच्यासाठी खुर्ची टाकली आणि सवयीने हलक्या केटल्या काढायला लागला. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने वरच्या फळीवरची एक केटली बोटाने दाखवली. जाड पितळेची, काळ्या मुठीची, ठोकळ्यासारखी. ती मी पहिल्याच दिवशी नापसंत केली होती. दोन्ही हातांनी खाली उतरवावी लागली. मी म्हटलं, आई, ही तर रिकामीच उचलवत नाही. आई म्हणाली, “पाणी घाल. कपभरच घाल.”

तिने एक हात मुठीवर ठेवला, दुसरा झाकणावर, आणि केटली कलती केली. कोपरापासून निघालेली थरथर मी डोळ्यांनी पाहिली. ती मनगटापर्यंत आली आणि त्या वजनाखाली बसली. बारीक, सरळ धार शेटच्या पेल्यात पडत राहिली. एक थेंब बाहेर गेला नाही.

“हलकं भांडं हातात नाचते,” आई म्हणाली. “जड भांडं हाताले बसवते. जन्मभर पितळेची गुंडी भरली मी, मले नाही समजणार?”

देवाजी शेटने हलक्या केटल्या परत फळीवर ठेवल्या. मी त्या पेल्याकडे पाहत होते. तिला त्रास नको म्हणून मी गावभर हलकेपणा शोधत हिंडले होते, आणि तिला काय हवं ते तिला विचारायचं राहून गेलं होतं.

परतताना रिक्षात तिने केटली मांडीवर घेतली होती. महाल भागातला चढ लागला तसा रिक्षावाला उतरून ओढू लागला. आई म्हणाली, “तुह्या बाबाले न सांगता समजे. मलेबी समजते. पण मी तुह्यासाठी नाही बोलणार. तुले तोंड आहे.” आणि मग बराच वेळ तिने केटलीच्या मुठीवरची धूळ पदराने पुसली.

सकाळी कंपनीची बस चौकात थांबते, हे मला ठाऊक होतं. रोज मी दुसऱ्या बाजूने जात होते. त्या दिवशी त्या बाजूने गेले. धुक्यात मफलर गुंडाळलेली माणसं उभी होती, त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ताराचंदने मला पाहिलं आणि तो घोळक्यातून बाहेर आला. कानावरचा मफलर त्याने खाली केला, एक शब्दही निसटू नये म्हणून केल्यासारखा.

मी सांगितलं, रविवारी भाऊ येणार आहे. आई चहा करणार आहे. तुम्ही या.

“कोणं बोलावलं?”

तेवढ्यात बस येऊन थांबली होती, आणि सगळी बस माझ्याकडे पाहते आहे, असं मला वाटलं.

“आईने,” मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळता उजळता थांबलं. “आईच्या शब्दाले मान आहे,” तो म्हणाला, आणि बसमध्ये चढला. खिडकीतून त्याने पाहिलं… मीही पाहिलं. बस गेल्यावर मी तिथेच उभी राहिले, आणि माझी स्वतःची बस चुकली.

रविवारी भाऊ सकाळच्या गाडीने आला. आल्या आल्या त्याने आईच्या पाया पडून घराच्या भिंती, गळका नळ, अंगण सगळं पाहून घेतलं, भाडेकरूच्या नजरेने. ताराचंद थोड्या वेळाने आला. इस्त्रीचा शर्ट घालून, व्हरांड्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. मी त्याची ‘ताराचंद’ एवढीच ओळख करून दिली. भावाने मान हलवली. त्याचं लक्ष आईकडे होतं.

आई उठली. मी उठायला लागले तर तिने हाताने मला बसवलं. टेबल व्हरांड्यातच आणलं होतं, त्यावर केटली, शेजारी कप. तिने लोट्याने पाणी घातलं. थोडं सांडलं, कारण लोटा हलका होता. प्लग भिंतीत बसायला वेळ लागला. त्याची दोन टोकं छिद्रांभोवती फिरत राहिली, फिरत राहिली. भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. ताराचंदने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, आणि भाऊ परत बसला. प्लग बसला. आईने बटन दाबलं.

पाणी तापायला लागलं की केटली आधी कुरकुरते, मग तिचा आवाज भरत जातो. तो आवाज ऐकून आमच्यापैकी कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

मग आईने कपांत पत्ती घातली, चिमटीने. बटन बंद केलं. एक हात मुठीवर, एक झाकणावर, आणि ती ठोकळ्यासारखी केटली हळू हळू वाकली. पहिला कप भावाचा. मग ताराचंदचा, मग माझा. स्वतःच्या कपाला पाणी पुरलं नाही, तर तिने पुन्हा पाणी भरलं आणि पुन्हा लावली, काही घाई नसल्यासारखी.

भावाने चहा प्यायला. सगळा. कप खाली ठेवून तो अंगणाकडे पाहत राहिला.

“साखर कमी आहे,” तो म्हणाला, आणि कप आईपुढे सरकवला.

आईने त्याला दुसरा कप भरून दिला. तो पिऊन झाल्यावर भाऊ म्हणाला, की नळाचा वॉशर तो जाण्याआधी बदलून देईल, आणि व्हरांड्याला जाळीचं दार बसवायला हवं, दोघी बायकाच राहणार म्हटल्यावर. एवढंच. भिलाईचा विषय त्याने काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. आईने पदर सारखा केला. मला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं.

मग भावाची नजर ताराचंदकडे वळली, जणू तो तिथे आहे हे आत्ताच दिसलं.

“हे कोण म्हणाली तू?”

“ताराचंद,” आई म्हणाली. “केटली पाहाले लई फिरला बिचारा.”

“केटली तर झाली नं घेऊन,” भाऊ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात मोठ्या भावाची धार होती. “मग आता काहून येऊन राहिले?”

कुंपणापलीकडे यमुताईंची बादली थांबली. ताराचंदने कप बशीत ठेवला आणि ताठ बसला. तो काय सांगणार हे मला कळलं. आईंनी बोलावलं म्हणून आलो, असं तो सांगणार होता. सगळं स्वतःवर घेऊन, माझं नाव कुठेही न लागू देता, नमस्कार करून उठणार होता. आणि मग चौकात बस येत राहिली असती, जात राहिली असती. आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती केटलीचं झाकण पुसत होती.

“आईनं नाही बोलावलं, भाऊ,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, आणि मग ओळखीचा वाटला. “मी बोलावलं.”

“तू? काहून?”

ताराचंद माझ्याकडे पाहत होता. या वेळी मी नजर हलवली नाही.

“मले हा माणूस पायजे.”